विघ्न आणि प्रसाद : मराठी रंगपरंपरेतील नमनाचा इतिहास

‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण आज लांबलेल्या प्रस्तावनेची थट्टा करण्यासाठी वापरली जात असली, तरी तिचा उगम रात्रीच्या खेळात आहे. मशाली आणि दिवट्या यांच्या उजेडात जेव्हा खेळ चालत, तेव्हा तेल हा मंडळींचा रोकडा खर्च होता आणि कथानकाला हात घालण्यापूर्वीच घडा रिकामा करणाऱ्या नमनाबद्दल प्रेक्षकांत आणि खर्च सोसणाऱ्यांत कुरकुर होणे स्वाभाविक होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, म्हण रूढ झाली तरी नमन बंद पडले नाही. नांदी, मंगलाचरण, गण, नमन, पूर्वरंग अशा वेगवेगळ्या नावांनी ते शास्त्रोक्त नाट्यात, ग्रंथरचनेत, तमाशात, दशावतारात आणि कीर्तनात टिकून राहिले. इतका दीर्घकाळ आणि इतक्या भिन्न थरांतील कलावंतांनी जो खर्च आवर्जून केला, त्यामागे श्रद्धेइतकीच व्यवसायाची गरजही असली पाहिजे, हे गृहीत धरून या प्रथेकडे पाहिले असता तिचे दुसरे अंग दिसू लागते.

कलावंताच्या आयुष्यातील दोन अनुभव कोणत्याही काळात सारखेच राहिले आहेत. सुचणे हा त्यातला पहिला, आणि लोकांसमोर उभे राहताना घशाला पडणारी कोरड हा दुसरा. यांपैकी दुसऱ्याला प्रस्तुत लेखात ‘रंगभय’ असे म्हटले आहे. आधुनिक काळात हे दोन्ही अनुभव कलावंताच्या खासगी मनोव्यापारात जमा केले जातात. परंपरेने मात्र त्यांना ‘प्रसाद’ आणि ‘विघ्न’ अशी नावे देऊन कलावंताच्या बाहेर ठेवले, आणि दोहोंची व्यवस्था लावण्यासाठी खेळाच्या आरंभी एक ठरलेली जागा राखली. नमन ती जागा होय. त्यात देवतेचे स्तवन असतेच, परंतु बारकाईने पाहिल्यास बहुतेक सर्व नमनांचा रोख दोघांकडे असतो : जिच्याकडून प्रेरणा यायची ती देवता, आणि ज्यांच्यापासून भय वाटते ते समोरचे लोक. या दुसऱ्या पक्षाला आपलेसे करून घेण्याची रीत हाच नमनाच्या इतिहासातील कळीचा धागा आहे.

या धाग्याचे एक टोक भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्या अध्यायात सापडते. तेथे सांगितलेल्या कथेनुसार पहिला नाट्यप्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात झाला आणि त्यात देवांनी दैत्यांचा केलेला पराभव दाखविला होता. आपलीच हार आपल्यादेखत रंगवली जात आहे हे पाहून संतापलेल्या दैत्यांनी विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्नांना साथीला घेतले आणि मायेच्या बळावर नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. सूत्रधार आणि त्याचे साथीदार जागच्या जागी जड झाले. शब्द न फुटणे, हातपाय न हलणे आणि पाठ केलेले न आठवणे ही तीन लक्षणे रंगमंचावर एकदा जरी उभे राहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. रंगभयाचे इतके जुने आणि इतके नेमके वर्णन एका पुराणकथेच्या वेषात यावे, ही गोष्ट ग्रंथकर्त्यांना रंगमंचाचा प्रत्यक्ष अनुभव असल्याची साक्ष देते.

कथेचा पुढचा भाग त्याहून अर्थपूर्ण आहे, कारण त्यात भयावरचे तीन उपाय एकामागून एक आजमावलेले दिसतात. इंद्राने ध्वजाचा दंड उचलून विघ्नांना जर्जर, म्हणजे छिन्नविच्छिन्न केले आणि त्या दंडाला ‘जर्जर’ हेच नाव पडले. पण उरलेली विघ्ने पुन्हा त्रास देऊ लागली, तेव्हा बळाचा उपाय अपुरा ठरला. मग ब्रह्मदेवाच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले आणि त्याच्या निरनिराळ्या भागांवर देवतांचे पहारे बसले; हा भिंतीचा उपाय झाला. शेवटी ब्रह्मदेवाने विघ्नांशी सामोपचाराने बोलणे केले आणि नाट्य हे देव व दैत्य दोघांचेही आहे, त्यात तिन्ही लोकांच्या भावभावनांचे अनुकरण असते, असे त्यांना पटवून दिले. या कथेतील विघ्ने आकाशातून अवचित कोसळलेली नाहीत. ती मुळात रुष्ट झालेले प्रेक्षक आहेत, आणि खेळ त्यांचाही आहे हे त्यांना सांगितल्यावरच वाद मिटण्याची वाट मोकळी होते. पुढच्या सर्व नमनांचे बीज या समेटात आहे.

नाट्यशास्त्राने या समेटाला ‘पूर्वरंग’ असे विधिरूप दिले. पूर्वरंग म्हणजे मूळ नाटकापूर्वी रंगावर करावयाचा कार्यक्रम. त्याची 19 अंगे सांगितली असून पहिली 9 पडद्यामागे आणि उरलेली 10 प्रेक्षकांसमोर करावयाची असतात. पडद्यामागील अंगांची यादी वाचली की मंत्रतंत्राची अपेक्षा करणाऱ्याचा काहीसा भ्रमनिरास होतो, कारण त्यात वाद्ये जागेवर मांडणे, गायकांनी आपापल्या जागी बसणे, गळा मोकळा करणे आणि वाद्ये सुरात लावणे यांसारखी कामे आहेत. थरथरणाऱ्या हाताला कामाला लावले की थरथर ओसरते, हे कोणत्याही तबलजीला ठाऊक असलेले सत्य येथे विधी म्हणून नोंदले गेले आहे. त्यानंतर सूत्रधार दोन साथीदारांसह रंगावर येतो. त्यांतील एकाच्या हाती जर्जर आणि दुसऱ्याच्या हाती पाण्याची झारी असते. मग नांदी, म्हणजे देव, राजा आणि जनांना शुभ चिंतणारे स्तवन होते, आणि सर्वांत शेवटी ‘प्ररोचना’ येते, जिच्यात प्रेक्षकांची नाटकाविषयीची उत्सुकता जागवून त्यांचे मन वळविले जाते. देवतेपासून निघालेला पूर्वरंग अशा रीतीने प्रेक्षकापाशी येऊन थांबतो.

पुढे 10व्या-11व्या शतकांच्या सुमारास काश्मीरमध्ये नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने विघ्नांची ही कल्पना आणखी आत नेली. रसास्वादाला आड येणारी सात विघ्ने त्याने मोजली असून, स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून राहणे हे त्यांतील एक होय. त्याची चर्चा प्रामुख्याने प्रेक्षकाविषयी असली, तरी कथेत दैत्य असलेले विघ्न येथे मनाची अवस्था बनले, हे स्थित्यंतर कलावंताच्या भयाकडे पाहतानाही उपयोगी पडते. गायनवादन आणि रंगमंडपाची शोभा प्रेक्षकाला त्याच्या घरगुती चिंतांतून सोडवते, असे तो सुचवतो. म्हणजे पूर्वरंगाने सज्ज व्हायचे ते नटाने आणि प्रेक्षकाने मिळून.

मराठी भाषेत ही प्रथा अवतरली ती प्रथम ग्रंथाच्या आरंभी. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी उभा केलेला गणेश सोंडेचा आणि मोदकाचा असला, तरी त्याचे अंगप्रत्यंग वाङ्मयाने घडलेले आहे : वेद ही त्याची मूर्ती, अठरा पुराणे हे त्याचे रत्नजडित अलंकार, सहा दर्शने हे त्याचे हात, आणि काव्ये-नाटके म्हणजे त्याच्या अंगावर रुणझुणणाऱ्या घागऱ्या. प्रेरणा कोठून येते या प्रश्नाला दिलेले हे रूपकात्मक उत्तर आहे. आजवर जे रचले गेले त्या सगळ्यापुढे लवल्याशिवाय नवे सुचत नाही, असे त्यातून ध्वनित होते. त्याच अध्यायात थोडे पुढे भयही उघडपणे बोलून दाखवले आहे. गीतेसारखा ग्रंथ मराठीत आणण्याचे आपले धाडस म्हणजे टिटवीने चोचीने समुद्र मोजायला निघण्यासारखे आणि सूर्यापुढे काजव्याने मिरवण्यासारखे आहे, असे ज्ञानेश्वर म्हणतात, आणि लगोलग श्रोत्यांना आईबापांच्या जागी बसवून आपल्या बोबड्या बोलांचे कौतुक करण्याची विनंती करतात. या विनंतीने श्रोत्यांची भूमिका पालटते. पारख करायला बसलेला विद्वान आता लेकराचा शब्द पुरा करून घेणारा पालक होतो.

रामदासांच्या दासबोधाने या व्यवस्थेला जवळजवळ शास्त्रीय शिस्त दिली. पहिल्या दशकाचे नावच ‘स्तवन’ असून त्यात गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांच्यामागोमाग श्रोते, कवीश्वर आणि सभा यांच्या स्तवनाला प्रत्येकी स्वतंत्र समास दिलेला आहे. भयाचे जे मूळ स्थान, ती सभाच स्तुतीचा विषय बनवण्याचा हा प्रकार नाट्यशास्त्रातील प्ररोचनेशी नाते सांगतो. याच ग्रंथाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. मनाला येईल ते बेधडक रचणे हे धीट कवित्व, पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्या धर्तीवर रचणे हे पाठ कवित्व, आणि अंतःकरण विषयांपासून सुटून भगवंताच्या चिंतनात रमले असता जे सहज उमटते ते प्रासादिक कवित्व. यातील धीट या प्रकाराची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण भय नसणे म्हणजे प्रेरणा असणे नव्हे, हा भेद तिच्यात स्पष्ट झाला आहे. ‘सभाधीट’ हा शब्द मराठीत कौतुकाने वापरला जातो. रामदासांच्या वर्गवारीत मात्र निव्वळ धीटपणा ही खालची पायरी ठरते आणि प्रसादाच्या वाटेवर नम्रता, म्हणजे एका अर्थी पचवलेले भय, आवश्यक मानले जाते.

ग्रंथकर्त्याला खोडून पुन्हा लिहिण्याची सवड असते, पण फडावर आणि जत्रेत उभ्या राहणाऱ्या लोककलावंताला ती नसते, म्हणून लोककलांतील नमन अधिक ठसठशीत आणि शरीरनिष्ठ झालेले आढळते. तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी आणि वग असा लागतो. ढोलकी आणि हलगी यांच्या कडकडाटाने माणसे गोळा झाली की शाहीर गण, म्हणजे गणपतीचे आवाहन, म्हणू लागतो आणि मागे उभे असलेले सुरत्ये, म्हणजे ओळीच्या अखेरचा सूर उचलून धरणारे साथीदार, ‘जी जी’ करीत त्याला दम घेऊ देतात. या रचनेत एकट्या गळ्यावर पहिला भार पडत नाही. शाहिराचा आवाज लागेपर्यंत त्याला सावरणारे चार आवाज हजर असतात. कलगी आणि तुरा या दोन पक्षांत जेव्हा सवालजवाब रंगत, तेव्हा शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ या वादातील आपली बाजूही कवनातून ठणकावली जाई, आणि समोर प्रेक्षकांबरोबर प्रतिस्पर्धी फडही बसलेला असल्याने गणाच्या आवाहनाला निराळी धार येत असे. पठ्ठे बापूराव (1866-1945) यांच्यासारख्या शाहिरांनी गणाला जे काव्यरूप दिले, त्यामागे फडावरच्या या निकडीची पार्श्वभूमी आहे.

कोकणात ही प्रथा इतकी मध्यवर्ती ठरली की रत्नागिरीकडच्या एका लोकनाट्याचे नावच ‘नमन’ पडले. रत्नागिरीच्या दक्षिणेस, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सीमेलगत, जत्रेच्या रात्री देवळासमोर होणाऱ्या दशावताराचे पूर्वरंग आणि आख्यान असे दोन भाग असतात व पूर्वरंगाला ‘आडदशावतार’ म्हणतात. त्यात दोघांनी हातात धरलेल्या पडद्यामागून मुखवटा धारण केलेला गणपती प्रकटतो, त्याच्या दोन्ही बाजूंस ऋद्धी-सिद्धी असतात, सरस्वती येऊन जाते, आणि नंतर काळ्या वेषातील संकासुर अवतरतो. संकासुर म्हणजे वेद चोरणारा आणि विष्णूच्या हातून मारला जाणारा शंखासुर. परंतु दशावतारात तो मालवणी बोलीत गावातल्या माणसांची टिंगल करतो आणि सगळ्यांना पोट धरून हसवतो. नाट्यशास्त्रातील कथेत ज्या दैत्यांनी नटांची वाचा गोठवली होती, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद आता स्वतः वाचाळ होऊन रंगावर नाचतो आहे. भयाला वेष देऊन, नाव देऊन आणि त्याच्या तोंडी विनोद घालून त्याची धग काढून घेण्याची ही युक्ती दशावतारी नटांना फार गरजेची होती, कारण त्यानंतरच्या आख्यानाला लिखित संहिता नसते. कथा ठरते, पात्रे वाटली जातात आणि पहाटेपर्यंतचे संवाद नटाला उभ्या उभ्या सुचावे लागतात. जेथे सुचण्यावरच सारी भिस्त, तेथे पूर्वरंग लांब असणे ओघानेच आले.

5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केले, तेव्हा हीच रीत नाटकातही आली. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून तसाच मराठीत करण्याची सूचना केली होती. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार आणि त्याचे पाठीराखे आरंभी मंगलाचरण म्हणत, वनचराच्या वेषातला विदूषक येई, गणपती प्रत्यक्ष प्रकट होऊन विघ्न निवारण्याचे अभिवचन देई आणि त्यामागून सरस्वती मोरावर बसल्याच्या आविर्भावात नाचत येई. पदे सर्व सूत्रधाराची असत आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने स्वतःचे भाषण करीत. राक्षसपात्रांच्या आरोळ्यांवरून अशा नाटकांना ‘अललडुर्र’ आणि वाद्यांच्या बोलावरून ‘तागडथोम’ अशी नावे पडली. थट्टेचा भाग सोडला तर या रचनेत नवख्या नटाला मोठे संरक्षण होते, कारण त्याला शब्द सापडला नाही तरी सूत्रधाराचे पद कथा पुढे नेत असे.

हे संरक्षण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाने काढून घेतले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, तेव्हा पात्रे आपली पदे आपण म्हणू लागली आणि संवाद लिखित झाले. गणपती व सरस्वती रंगावरून गेली आणि रागतालात बांधलेली शिवस्तुतीपर नांदी उरली. मूळ कालिदासाच्या प्रस्तावनेतील सूत्रधार म्हणतो की, जाणकारांचे समाधान होईपर्यंत प्रयोग साधला असे मानता येत नाही, कारण उत्तम शिकलेल्यांचेही मन स्वतःविषयी साशंक असते. तयारी वाढली की भय जाते, ही समजूत येथे नाकारली आहे. भय हे शिक्षणाच्या अभावाचे नसून जबाबदारीच्या जाणिवेचे लक्षण आहे, असा त्याचा आशय निघतो. त्याच प्रस्तावनेत नटीचे गाणे ऐकून सूत्रधार इतका तल्लीन होतो की कोणते नाटक करायचे हेच विसरतो आणि नटीला त्याची आठवण करून द्यावी लागते. दैत्यांच्या मायेने नटांची स्मृती गोठली होती, आणि येथे गाण्याच्या मोहिनीने सूत्रधाराची स्मृती हरपते. भय आणि तल्लीनता या दोन्ही अवस्थांत माणूस स्वतःला विसरतो, आणि दोन्ही वेळा त्याला भानावर आणायला जवळ एक साथीदार लागतो.

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात नांदी हा मंडळीच्या एकजुटीचा क्षण बनला. नायकापासून दुय्यम नटापर्यंत सारे एका सुरात उभे राहत, आणि प्रत्येकाच्या घरच्या चिंता तेवढ्यापुरत्या पडद्याबाहेर राहत. त्या नेहमीच बाहेर राहत असे मात्र नाही. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्याच दिवशी मंडळीतील नट बालगंधर्वांच्या मुलीचे निधन झाले होते. तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. या घटनेकडे सहसा व्रतस्थतेचा दाखला म्हणून पाहिले जाते. तिचा दुसरा अर्थ असा की, स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे जे विघ्न अभिनवगुप्ताने प्रेक्षकाच्या संदर्भात सांगितले होते, ते नटालाही चुकत नाही, आणि त्याचे मोल नटाला स्वतःच्या पदरचे द्यावे लागते.

पुढे नांदीची ही चौकटच बदलली. 1 जुलै 1933 रोजी ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर बेतलेले नाटक आणले. घरातील दिवाणखान्यात घडणाऱ्या अशा वास्तववादी नाटकांना नांदी आणि सूत्रधार यांची चौकट विसंगत वाटणे क्रमप्राप्त होते, कारण त्या नाटकांत प्रेक्षक नाहीतच असे गृहीत धरून नट वावरतो. प्रेक्षकांशी समेट करण्याऐवजी त्यांना अदृश्य मानणे, हा रंगभयावरचा नवा उपाय म्हणता येईल. नाट्यशास्त्रातील कथेच्या भाषेत बोलायचे तर हा पुन्हा भिंतीचा उपाय झाला, फक्त ही भिंत कल्पनेची होती. नमनाची ताकद या काळातही संपली नव्हती, हे 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात सादर झालेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाने दाखवून दिले. त्याच्या आरंभी गणपती नाचत येतो, सरस्वती आणि लक्ष्मी येतात, आणि ब्राह्मणांची जिवंत भिंत डोलत राहते. पण या मंगलाचरणाने प्रेक्षकाला दिलासा मिळत नाही, कारण पुढे त्याच भिंतीआड क्रौर्य घडते. येथे नमन नटाचे भय दूर करून ते प्रेक्षकाच्या पदरात टाकते. प्रथा अंगवळणी पडलेली होती म्हणूनच तिचा असा उलटा उपयोग शक्य झाला.

आजच्या नाट्यगृहात तेलाचा घडा नाही आणि बहुतेक नाटकांना नांदीही नाही. तरीही विंगेत नारळ फुटतो, उदबत्ती लावली जाते, प्रवेश करताना नट रंगमंचाला हात लावून तो कपाळी नेतो, आणि तिसरी घंटा झाल्यावर काळोखात एक ठरीव उद्घोषणा ऐकू येते, ज्यात रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना अभिवादन करून नाटक सादर होत असल्याचे सांगितले जाते. पूर्वरंगाच्या 19 अंगांतून, दासबोधातील स्तवनाच्या समासांतून आणि संकासुराच्या सोंगातून गाळून उरलेला हा एका वाक्याचा अर्क आहे. त्या वाक्यातील ‘आणि’ हे लहानसे अव्यय देवता व प्रेक्षक यांना एका ओळीत उभे करते. जेथून प्रसाद मिळायचा आणि जेथून विघ्न यायचे, त्या दोघांनाही एकाच नमस्कारात सामावून घेते. उद्घोषणा संपली की काही क्षण प्रेक्षागृहात आणि विंगेत सारखाच काळोख असतो, आणि मग पडदा सरकू लागतो.